पानातलं फूल

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

चहा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पातेलं येतं. उकळी, दूध, साखर, ठेचलेलं आलं आणि जमलं तर गवती चहाची दोन पाती. आपल्याकडे चहा हा उकळण्याचा पदार्थ आहे. त्याला रंग हवा, कडकपणा हवा. वासाचं काम आपण आल्यावर आणि वेलचीवर सोपवून मोकळे झालो आहोत. चहाच्या पानाला स्वतःचा वास असतो आणि तो चक्क फुलाचा असू शकतो, ही गोष्ट आपल्या रोजच्या कपात कधी आलीच नाही. आज मी अशाच एका चहाबद्दल बोलणार आहे. त्यात मोगरा घातलेला नाही, गुलाबाच्या पाकळ्या नाहीत, अत्तराचा थेंबही नाही. तरी कपावरचं झाकण उचललं की आपल्याकडच्या अनंताच्या फुलाची आठवण व्हावी असा वास येतो.

मी मनोरीला राहतो. मालाडच्या मार्वे बंदरावर होडीत बसायचं, खाडी ओलांडायची, की मनोरी. पत्ता मुंबईचा, पण मध्ये पाणी. गाडीनं यायचं तर भाईंदर-उत्तनचा मोठा वळसा पडतो. गावात कोळी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबं जास्त. माझ्या शेजारच्या मावशींचा मुलगा बोटीवर आहे. चीनमधल्या श्यामेन बंदरातून त्यानं एकदा चहाच्या छोट्या छोट्या पुड्या आणल्या. मावशींनी रीतसर एक पुडी दुधात उकळली, चव घेतली आणि उरलेल्या सगळ्या माझ्याकडे आणून दिल्या. म्हणाल्या, "याला काय रंग नाय, काय दम नाय. तुम्ही कविता करता, तुम्हीच प्या."

तेव्हापासून तो चहा माझ्याकडे आहे. संपला की तो मुलगा पुढच्या खेपेला आणतो.

या चहाला ऊलाँग म्हणतात. चिनी भाषेत या शब्दाचा अर्थ 'काळा नाग', म्हणजे त्यांचा तो ड्रॅगन. हा ग्रीन टीसारखा पूर्ण हिरवा नाही आणि आपल्या नेहमीच्या चहासारखा पूर्ण काळाही नाही. दोन्हींच्या मधला. रोप मात्र तेच. आसामचा चहा, दार्जिलिंगचा चहा, ग्रीन टी आणि ऊलाँग, सगळे एकाच जातीच्या झुडपाचे. फरक पडतो तो प्रकारभेदानं, जमिनीनं आणि खुडल्यानंतर पानाचं काय केलं यानं.

माझ्याकडे येतो तो ऊलाँग फुजियान प्रांतातल्या आनशी तालुक्याचा. श्यामेन बंदराच्या मागे डोंगर आहेत, त्यांच्या आतल्या अंगाला. साधारण माथेरानच्या उंचीवर, कुठे थोडे खाली, कुठे थोडे वर असे मळे. रात्री थंडी, सकाळी धुकं. पान सावकाश वाढतं, त्यामुळे तुरटपणा कमी आणि वास जास्त. वर्षातून काही वेळा खुडणी होते, पण जाणकार म्हणतात की अंगानं भरलेला चहा वसंतातला आणि वासाचा चहा शरदातला.

आता हे फूल येतं कुठून? ते ऐकण्यासारखं आहे.

दार्जिलिंगला दोन पानं आणि एक कळी खुडतात. इथे तसं नाही. पानं थोडी जून होऊ देतात, शेंडा उघडला की तीन-चार पानांचा झुबका खुडतात. तोही शक्यतो दुपारी, दव उडाल्यावर. मग थोडा वेळ कोवळ्या उन्हात पसरतात. पान जरा मलूल झालं की आत घेतात. मग सुरू होतो खरा खेळ. बांबूच्या मोठ्या पिंपात घालून पानं फिरवायची. पान पानावर आपटतं, कडा घासल्या जातात, ठेचतात. फिरवायचं, थांबायचं, पसरून विसावू द्यायचं, पुन्हा फिरवायचं. असं तीन-चार वेळा, मध्ये काही तास सोडून, पहाटेपर्यंत. माणूस जागाच असतो. घड्याळापेक्षा नाकावर त्याचा भरवसा. आधी गवताचा हिरवा वास येतो, तो हळूहळू मावळतो आणि फुलाचा वास वर येऊ लागतो. तो हवा तसा आला की पानं तापलेल्या कढईत टाकायची. तिथे सगळं थांबतं. मग फडक्यात बांधून मळायचं, सोडायचं, पुन्हा बांधायचं. असं कितीतरी वेळा, तेव्हा पानाची घट्ट गोळी होते. शेवटी सुकवायचं आणि मंद आचेवर हलकंसं भाजायचं. हे भाजणं खमंग करण्यासाठी नाही. शिऱ्याआधी रवा नुसता गरम करून घेतो ना, तेवढंच. कच्चेपणा जावा, पण फूल जळू नये. काही जण जास्त भाजतात. तो चहाही चांगला असतो, पण त्याचा वास शेंगदाण्या-कोळशाकडे झुकतो. आणि हो, पानांतले देठ वेचून काढावे लागतात. आनशीत हे काम बायका टेबलाभोवती बसून करतात. आपल्याकडे तांदूळ निवडतात तसं.

झुडपावरून खुडलं म्हणजे पान लगेच मेलं असं नाही. काही तास ते जिवंत असतं. पाणी तुटलेलं, वरून मार बसतोय. अशा वेळी झाड जे करतं तेच ते पान करतं. अळीनं कुरतडल्यावर, कीड लागल्यावर झाडं विशिष्ट वासाची द्रव्यं तयार करतात. तीच यंत्रणा इथे कामाला लागते. नेरोलिडॉल, जास्मिन लॅक्टोन, इंडोल अशी त्यांची नावं आहेत. पान जितका वेळ योग्य प्रकारे घासलं जातं, तितकी ही द्रव्यं वाढतात, असं अलीकडच्या काळात चिनी शास्त्रज्ञांनी प्रयोग करून दाखवलं आहे. म्हणजे फूल बाहेरून आलेलं नाही. ते पानाचं जखमेला दिलेलं उत्तर आहे. आमच्या अत्तराच्या बाजारात ज्या ऊदाला सोन्याचा भाव येतो, तोही झाडाला जखम होऊन बुरशी लागल्यावरच लाकडात तयार होतो. निरोगी लाकडात तो नसतोच.

यातल्या इंडोलची गंमत मनोरीत बसून सांगायलाच हवी. मोगऱ्याच्या, जाईच्या वासात इंडोल असतं. थोडं असलं की फुलाचा वास. तेच जास्त झालं की दुर्गंधी. कोळंबी खराब होऊ लागली की तिच्यात इंडोल वाढतं, आणि कोळंबी किती बिघडली हे तपासायला प्रयोगशाळेत तेच मोजतात. माझ्या खिडकीसमोर काठ्यांवर बोंबील सुकत असतात, एकमेकांच्या जबड्यांत अडकवलेले. खाली कुणी जवळा पसरलेला असतो. आणि मी आत बसून फुलाच्या वासाचा चहा पीत असतो. पाहुणे हसतात. पण सुगंध आणि दुर्गंध ही दोन वेगळी घराणी नाहीत. एकाच घरातली कमी बोलणारी आणि जास्त बोलणारी माणसं आहेत.

मात्र चहा आणि सुकी मासळी एका फळीवर ठेवता येत नाही. चहाचं पान आजूबाजूचा कुठलाही वास ओढून घेतं. म्हणून तर एकेका वेळचा चहा हवाबंद पुडीत भरून येतो. हलका भाजलेला असेल तर फ्रीजमध्ये ठेवावा, पण डबा घट्ट हवा. नाहीतर चहाला कालवणाचा वास लागलाच म्हणून समजा.

पाण्याचंही तसंच. आमच्या भागातल्या विहिरींचं पाणी मचूळ. त्यात हा चहा मुका होतो. नळाचं, तलावाचं पाणी चांगलं. उकळी आली की क्षणभर थांबायचं. लहान झाकणाच्या कपात पाच-सहा ग्रॅम गोळ्या टाकायच्या. पहिलं पाणी ओतून लगेच काढून टाकायचं, गोळी जागी व्हावी म्हणून. दुसरं पाणी अर्धं मिनिट. आधी झाकण उचलून त्याचा वास घ्यायचा, मग प्यायचं. रंग फिकट, पिवळसर-हिरवा. दूध नाही, साखर नाही. आणि पानं फेकायची नाहीत. तीच पानं सहा-सात वेळा पाणी घेतात आणि दर वेळी थोडं वेगळं बोलतात. गिळल्यानंतर थोड्या वेळानं घशात गोडी परतून येते. आवळा खाऊन पाणी प्यायल्यावर येते ना, तशी. हे सांगितल्यावर मावशींनाही पटलं. पण त्या अजून स्वतःचा चहा उकळूनच घेतात, आणि तेही बरोबरच आहे.

बाजारात स्वस्त ऊलाँगला बाहेरून वास लावलेला असतो. ओळखायचं सोपं आहे. लावलेला वास पुडी फोडताच अंगावर येतो आणि दुसऱ्या पाण्याला संपतो. पानाचा स्वतःचा वास आधी लाजतो, दुसऱ्या-तिसऱ्या पाण्याला पुढे येतो.

हे ओळखण्याचं काम मला जरा जिव्हाळ्याचं वाटतं. गेली तीसेक वर्षं मी मराठीत कविता लिहितोय. वाचनाच्या कार्यक्रमानंतर कुणीतरी प्रेमानं जवळ येतं आणि विचारतं, "तुमची मराठी इतकी चांगली कशी?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण प्रश्नात असं गृहीत असतं की मूळ पानाला हा वास नसणार, कुठूनतरी आणून लावलेला असणार. माझी आई रत्नागिरीकडची. तिच्या ओव्या मराठीत, शिव्या मराठीत, आजारपणातलं कण्हणंही मराठीत. मी बाहेरून काय आणून लावू? हल्ली मी वाद घालत नाही. त्यांना घरी बोलावतो, हा चहा पाजतो आणि विचारतो, "सांगा, यात कुठलं फूल घातलंय?"

आता या चहाच्या नावाकडे येतो. आनशीच्या या ऊलाँगचं नाव तिएग्वानयिन. अर्थ, लोखंडाची ग्वानयिन. ग्वानयिन ही चिनी लोकांची करुणेची देवता. तिकडे दंतकथा अशी की अठराव्या शतकात एक गरीब शेतकरी रोज तिच्या मूर्तीपुढे चहाचा पेला ठेवायचा. तिनं स्वप्नात येऊन खडकातलं एक झुडूप दाखवलं. पान सुकल्यावर लोखंडासारखं काळपट आणि जड, म्हणून हे नाव. दुसरी कथा एका विद्वानाची आणि सम्राट चिएनलुंगची आहे. दोन गावं आपापली कथा खरी मानतात. आनशीच्या या चहासंस्कृतीला २०२२ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं जागतिक कृषी वारसा म्हणून मान्यता दिली.

पण ही ग्वानयिन मूळची कोण? ती आपला अवलोकितेश्वर. बौद्ध ग्रंथांबरोबर तो चीनला गेला. कुमारजीवानं इसवी सन ४०६ मध्ये सद्धर्मपुंडरीक सूत्राचा चिनी अनुवाद केला, त्यातून तो घरोघर पोचला आणि पुढे काही शतकांत तिथे त्याचं स्त्रीरूप झालं. आणि हा अवलोकितेश्वर आमच्यापासून फार लांब नाही. खाडी ओलांडून बोरिवलीला जा. कान्हेरीच्या ४१ क्रमांकाच्या लेण्यात तो अकरा मस्तकांनिशी उभा आहे. ९० क्रमांकाच्या लेण्यात त्याच्याभोवती आठ भयं कोरली आहेत. हत्ती, सिंह, साप, आग, चोर, बेडी, पिशाच्च आणि फुटलेलं जहाज. सोपारा-कल्याणचे व्यापारी या लेण्यांना दान देत होते. समुद्रावर जाणाऱ्यांनी ज्याला हाक मारायची, त्याचं नाव पुड्यांवर छापून मावशींच्या मुलानं बोटीनं परत आणलं. त्याला हे मी सांगितलं तेव्हा तो इतकंच म्हणाला, "मग आपलाच की."

आपलाच, हे खरं. पण या चहाशी मुंबईचं दुसरंही एक नातं आहे आणि ते इतकं गोड नाही.

आपला 'चहा' आणि इंग्रजांचा 'टी' हे दोन्ही शब्द चिनी. कँटन-मकाव भागात 'छा' म्हणतात, तो पोर्तुगीजांनी उचलला. श्यामेन-आनशीच्या बोलीत 'ते' म्हणतात, तो डचांनी युरोपात नेला, त्याचा 'टी' झाला. आमची मनोरी साष्टीबरोबर १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती. मुंबई बेट मात्र १६६१ च्या तहात राजकन्या कॅथरीनच्या आंदणात इंग्रजांना गेलं. त्याच कॅथरीनमुळे इंग्लंडच्या दरबारात चहाची आवड पसरली. पुढे अख्खं इंग्लंड चहा पिऊ लागलं, आणि तो सगळा चीनमधून यायचा. फुजियानच्याच वूई डोंगरांतला चहा तिकडे 'बोही' म्हणून खपायचा.

चीनला त्या बदल्यात चांदी हवी होती. ती वाचवायला इंग्रजांना विकायला काहीतरी हवं होतं. आधी आपला कापूस, मग अफू. बंगालची अफू कलकत्त्याहून, माळव्याची अफू मुंबईहून. हा धंदा कुणी केला? नुसत्या साहेबांनी नाही. पारशी जमशेटजी जीजीभाई, जैन मोतीचंद अमीचंद आणि आमचे कोकणी मुसलमान महंमद अली रोघे हे एकमेकांचे भागीदार होते. तीन धर्मांची माणसं एका वखारीत बसून हिशेब करत होती. आपण भाषणांत ज्या एकोप्याचं कौतुक करतो तो तिथे पुरेपूर होता, फक्त माल अफूचा होता. १८३९ साली चीनच्या लिन झेशू या अधिकाऱ्यानं वीस हजारांहून जास्त पेट्या अफू नष्ट केली. त्यात मुंबईच्या व्यापाऱ्यांचाही माल होता. युद्ध झालं, चीन हरला. २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानकिंगचा तह झाला तो 'कॉर्नवॉलिस' नावाच्या युद्धनौकेवर. ती नौका १८१३ मध्ये मुंबईच्याच गोदीत बांधलेली, सागवानाची, वाडियांच्या हातची. त्या तहानं जी पाच बंदरं परकी व्यापाराला उघडावी लागली, त्यांत एक श्यामेन.

म्हणजे ज्या बंदरातून माझा चहा येतो, त्या बंदराचं दार उघडायला लावणाऱ्या कागदावर सह्या झाल्या त्या मुंबईत जोडलेल्या फळ्यांवर उभं राहून.

जमशेटजींच्या दानातून उभ्या राहिलेल्या इस्पितळात आजही गोरगरीब बरे होतात. कलाशाळेतून चित्रकार निघतात. त्या दानाला मी नावं ठेवणार नाही. पण चीनमधल्या ज्या घरांत अफू शिरली, त्यांचं नाव कुठल्याच कोनशिलेवर नाही, हेही विसरणार नाही. मुंबईनं शंभर वर्षं या चहाची किंमत चुकती करण्यात भाग घेतला, त्यातून श्रीमंत झाली, आणि तिच्या सामान्य माणसाला मात्र तो चहा कधी प्यायला मिळाला नाही. इंग्रजांनी आसामात स्वतःचे मळे लावले. १९३० च्या सुमारास पानाचा चुरा करणारं सीटीसी यंत्र आलं. कडक, स्वस्त, दुधाला पेलणारी बारीक गोळी झाली, आणि आपला उकळलेला चहा जन्माला आला. तो मला प्रिय आहे. होडीची वाट पाहताना मार्वे बंदरावर मी तोच पितो.

ऊलाँग प्यायल्यावर एक गोष्ट मात्र करून बघा. शेवटचं पाणी झालं की कपातली गोळी तळहातावर उलगडा. अख्खं पान निघतं, शिरांसकट. मधे हिरवं असतं आणि कडेला लालसर काठ असतो. रात्रभर जिथे घासलं गेलं ती ती जागा. आनशीतले लोक चहा चांगला झाला की नाही हे तो काठ बघून ठरवतात. हल्ली काही कारखानदार तो काठ चोळून काढून टाकतात, म्हणजे चहा दिसायला स्वच्छ हिरवा राहतो. मला काठासकटचं पान आवडतं.

आणि कधी कान्हेरीला गेलात तर पहिलं मोठं चैत्यगृह बघून परत फिरू नका. वर चढा, ४१ नंबरचं लेणं विचारत जा. ऊन उतरल्यावर निघालात तर वेळ पुरणार नाही, सकाळीच जा.